बेवारसांच्या मैदानातली माती

माझ्या आईच्या वडिलांना चंद्रपुरात नेमकं कुठं पुरलं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. भामरागडकडच्या जंगलातून ते बल्लारपूरच्या बाजूला लाकडाच्या कामावर गेले होते. तिथं तापानं पडले. सोबतच्यांनी त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचवलं आणि पेरणी आली म्हणून ते गावी परतले. आजोबांना मराठी येत नव्हतं आणि तिथं विचारणाऱ्याला गोंडी. मग नद्या भरल्या, वाट बंद झाली. पाणी उतरल्यावर गावची माणसं गेली, तर उत्तर मिळालं, कुणी आलं नाही म्हणून बेवारस पुरलं. आई तेव्हा लहान होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, त्याच पावसाळ्यात जन्मला.

आईच्या माहेरी कुणी मेलं की त्याच्यासाठी गावाबाहेर दगड उभा करतात. दगड उभा झाला की तो माणूस पूर्वजांत जाऊन बसला, तोवर वाटेवरच. बाहेरगावी मेलेल्याच्या दगडाखाली त्याच्या पुरल्या जागेची मूठभर माती घालायची, अशी त्या गावची रीत. आणि ती माती त्याचीच हवी, नाहीतर भलताच माणूस आपल्या लोकांत येऊन बसतो. आजोबांची माती नव्हती, म्हणून दगडही नव्हता.

गेल्या वर्षी आई फार आजारी पडली. उठून बसायला लागल्यावर तिनं पहिली हीच गोष्ट काढली. आई गोंडीत बोलते. तिचं आणि तिच्या गावचं बोलणं मी इथं आमच्या झाडीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाकडच्या, मराठीत देते.

"मी मेली का माहा दगड होईन. बाप अजून रस्त्यावरच आहे. त्याच्या आधी मी कशी जाऊन बसू?"

त्या दिवशी मी ठरवलं. आई आहे तोवर तिच्या बापाची माती आणायची.

मी गडचिरोलीत सरकारी कार्यालयात नोकरी करते. 'साहेब जेवायला गेलेत' या वाक्याचे सगळे अर्थ मला ठाऊक आहेत. त्यामुळे चंद्रपूरच्या महापालिकेत बेवारस पुरलेल्यांच्या जुन्या नोंदी मागितल्या आणि तिथले बाबू हसले, तेव्हा मी खुर्ची ओढून बसले.

"बेवारस लोकायचं काऊन पाहून राह्यल्या बाई? वारस असते तर ते बेवारस झाले असते काय?"

"मी वारस आहे भाऊ. जरा उशिरा आली, एवढंच."

त्यांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं, मी गेले. कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे निघाली, तरी गेले. शेवटी मी घरून जुनं धुडकं घेऊन आले आणि म्हणाले, धूळ मी पुसते, तुम्ही फक्त दार उघडा. त्यांनी दार उघडलं. मला वाटतं, माझा कंटाळा येऊनच उघडलं असावं.

मामाच्या जन्माच्या वर्षाचं बाड काढलं. त्यातही वाळवीनं आपला वाटा घेतला होता. अनोळखी पुरुष. अनोळखी स्त्री. अनोळखी पुरुष. एकेका माणसाला एकेक ओळ, आणि काहींना तर तीही पुरती नाही. वाचता वाचता मला संताप यायला लागला. ही सगळी माणसं कुणाच्या तरी घरून निघालेली होती, कुणीतरी त्यांच्यासाठी भात झाकून ठेवला असेल. मग एका ओळीवर माझं बोट थांबलं. अनोळखी पुरुष, उजव्या पायाची दोन बोटं नाहीत.

आजोबांची ती बोटं कुऱ्हाडीनं गेली होती. आई लहानपणी त्या थोट्या जागेला हात लावून बघायची, हे तिनं मला कितीदा सांगितलं होतं. मी तिथंच रडले. बाबूंनी टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला.

पण ओळ तिथं संपत नव्हती. त्या दिवशी तीन अनोळखी पुरुष पुरले होते, नदीकडच्या कडेला, एकाच खड्ड्यात. म्हणजे आता एकट्या आजोबांची माती मिळणार कुठून?

बेवारसांच्या मैदानावर गेले तर सगळीकडे रायमुनियाची झुडपं आणि त्यात चरणाऱ्या शेळ्या. नदीकडची कडा मात्र जागेवर होती. खुरप्यानं माती काढली, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. तिघांचं कुणाला सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. पण अर्धं खरं सांगून आईची समजूत काढण्यासाठी मी एवढे जोडे झिजवले नव्हते.

आईला घेऊन तिच्या माहेरी गेले. पेरमा, म्हणजे गावाची पूजा करणारे म्हातारबाबा, आणि मामा अंगणात बसले होते. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पेरमांनी गाठोड्याला हात लावला नाही.

"यात दोघं परके आहेत. त्यायचं कुळ मालूम नाई, देव मालूम नाई. आपल्या लोकायत त्यायले कुठी बसवू?"

मामानं मान खाली घातली. बापाचं तोंडही न पाहिलेला माणूस तो. मी मात्र भांडायच्या तयारीनंच आले होते, तोंड उघडलंही. आईनं माझा हात दाबला आणि गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं.

"तिघायचे तीन दगड करा."

"ते दोघं तुये कोण लागते बाई?"

"मी बापासंग किती राह्यली? हे दोघं एवढी वर्षं त्याच्या बाजूले झोपून आहेत. त्यायले तिथी सोडून तो एकटा येईन काय?"

पेरमांनी गाठोड्यावर हात ठेवला. मग मामाला म्हणाले, "बंडी जुंप. दगड तीन आणाचे आहेत."