सहीला घाबरणारं गाव

त्या सप्टेंबरात गिनकाचं डोकं जे तापलं ते तापलंच. सोमवारी नगरपालिकेचं पत्र आलं: वाचनालयाच्या रजिस्टरात निदान शंभर वाचकांच्या सह्या हव्यात, शुक्रवारी तपासणीला साहेब येतील, सह्या भरल्या नाहीत तर वाचनालय बंद. रजिस्टरात सह्या होत्या अकरा. त्यातली एक तिची स्वतःची आणि दोन तिच्या नवऱ्याच्या, कारण पहिली केल्याचं तो विसरला होता.

कुणाला वाटेल, या गावात कुणी वाचतच नाही. वाचत नाही? अहो, क्रुशिना दोलमध्ये हिवाळ्यात दुसरं आहे काय! बकऱ्या राखणारी रायना महिन्याला चार कादंबऱ्या फस्त करायची. वल्को आजोबांनी इतिहासाचं कपाट दोनदा संपवलं होतं. तीस वर्षं ग्रंथपाल गिनका कुंपणावरून पुस्तकं देत आली होती, कुणाकडे काय आहे ते तिच्या डोक्यात पक्कं असायचं. फक्त सही म्हटलं की माणसं हात मागे घ्यायची. एकेकाळी सरकारची माणसं कागद घेऊन घरोघर आली होती. ‘सही करा, नुसती औपचारिकता आहे,’ म्हणाली. सह्या झाल्या, आणि शेतं, बैल, द्राक्षमळे, सगळं सामुदायिक शेतीत गेलं. पस्तीस वर्षांनी परत मिळालं, तेही अर्धंमुर्धं. कागद दिसला की गाव अजून दचकतं.

आणि नगराध्यक्षाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! त्याच्या मेव्हण्याला चौकातल्या वाचनालयाच्या इमारतीत जुगाराची मशिनं लावायची होती. वाचनालय कोण का बंद करतंय हे शेंबडं पोरही सांगेल, पण नियम म्हणजे नियम. असल्या नियमाला आग लागो.

गिनका रजिस्टर काखोटीला मारून निघाली. अंगणाअंगणात मिरच्या भाजणं चाललेलं, धुरानं डोळे चुरचुरत होते.

"रायना, सही कर."

"अगं, हवी तर माझी बकरी ने. सही नको मागूस."

"बकरीला काय वाचक करू?"

"कर की. ती कुणाला घाबरत नाही."

वल्को आजोबांनी तर दारच लावून घेतलं आणि खिडकीतून बोलले, "पोरी, माझ्या बापानं सही केली तेव्हा मी टेबलाशी बसलो होतो. नऊ वर्षांचा. बाप चार दिवस जेवला नाही."

"आजोबा, ते बैल होते. ही पुस्तकं आहेत!"

"कागद तोच आहे."

"मग बसा तुमचा द्राक्षमळा कुरवाळत!" गिनका ओरडली. कोपरा वळल्यावर ती रडली, पण रागानं. चार दिवस वणवण करून सह्या झाल्या बावीस.

शुक्रवारी सकाळी ती वाचनालय उघडायला आली, तर दारात ही रांग! गावाला लाज वाटली होती. सही नाही तर नाही, पण आपण वाचतो हे साहेबाला दाखवायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. घरात वाचनालयाचं होतं नव्हतं ते पुस्तक घेऊन आले होते, हातगाडीतून, पिशव्यांतून, मिरच्यांच्या पेट्यांतून. गिनका नको नको म्हणेपर्यंत सगळी कपाटात लागलीसुद्धा, अगदी क्रमानं. वाचकच ते, कुठलं कुठे जातं ते ठाऊक होतं.

कामेनोव साहेब आले. त्यांनी भरलेली कपाटं पाहिली आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘सर्व पुस्तके जागेवर. वाचकांकडे एकही नाही. वाचनालय वापरात नाही.’

"अहो, ही चाळीस माणसं दिसत नाहीत तुम्हाला?" गिनका कडाडली.

"बाई, मला सह्या मोजायला पाठवलंय. माणसं नाही. घ्या, ग्रंथपाल म्हणून इथे सही करा."

"नाही करत."

"नका करू. ‘सहीस नकार’ असं लिहितो. गावातल्या दोन रहिवाशांनी साक्षीदार म्हणून सही केली की काम झालं." त्यांनी पेन लोकांपुढे धरलं. "कोण करतंय?"

रायनानं हात एप्रनखाली घातले. बेकरीवाला छताकडे बघू लागला.

"अहो, नुसती औपचारिकता आहे!"

संपलं. सगळी खोली एक पाऊल मागे सरकली. साहेबांनी पेन खिशात घातलं. "सोमवारी येतो. नगराध्यक्ष आणि त्यांचे मेव्हणे, तेही इथलेच रहिवासी आहेत." गाडी गेली तसा मागे एकच हशा झाला, कुणीतरी रकियाची, घरी गाळलेल्या दारूची, बाटली काढली.

गिनकानं रजिस्टर टेबलावर आपटलं.

"हसता काय! सोमवारी तो साक्षीदार घेऊनच येणार आहे. त्याला नाही म्हणालात, झकास केलंत. पण मला? मला तीस वर्षं नाही म्हणताय! तो आणि मी तुमच्या लेखी एकच? तुमची माणसं अंथरुणाला खिळली तेव्हा बर्फातून पुस्तकं आणली ती कुणी? मी नेले होते का तुमचे बैल?"

बाटली परत पिशवीत गेली.

वल्को आजोबा पुढे आले. त्यांनी चष्मा लावला, रजिस्टर पुढे ओढलं आणि त्यात स्वतःचं नाव लिहिलं. पुढे बापाचं नाव लिहायचं होतं. तिथे ते बराच वेळ थांबले, मग तेही लिहिलं, आडनावही लिहिलं.

"आता पुस्तक दे," ते गुरकावले. "सही करून मी रिकाम्या हातानं घरी जाणार नाही."