टोपीवरची शिट्टी आणि पोटावरचा गेज

फिटरच्या घरी एक डबा असतो. उरलेले नट, वायसर, अर्धी स्प्रिंग, कुठल्या तरी नळाची चकती, सगळं त्यात पडलेलं. कधी तरी कामी येईल म्हणून कोणी फेकत नाही. एक वायसर शोधायला हात घालावा, तर चार भलत्याच वस्तू बोटाला लागतात. आमचे किस्से असेच साचले आहेत. एक सांगायला बसलो की दुसरा आधी हाताला येतो.

आम्ही म्हणजे चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले तीन म्हातारे. भाऊराव फिटर होता. मेश्राम मिस्त्री जमिनीखाली छताला लाकडी टेकू लावायचा. आणि मी वर, कॉम्प्रेसर घरात. चौथी शिकलेल्या माणसाला मिळालेलं काम एवढंच, की हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या सुईकडे पाहत राहायचं. हवा नळातून खाली जायची, तिच्यावर ड्रिल चालायच्या. सुई पडली की खालची हवा पडली.

घरी बसलो, पण हात बसेनात. भाऊराव चांगले चाललेले नळ खोलायचा. मेश्राम शेजाऱ्यांची दारं तपासत फिरायचा. मी ओट्यावर बसलो की उठायचो, उठलो की पुन्हा बसायचो. आमच्या घरची म्हणायची, "एका जागी राहा ना जी! अंगात का मुंग्या भरल्या तुमच्या?"

त्यात माझ्या नातीनं, आचलनं, एक दिवस आम्हाला मोबाईलवर फोटो दाखवला. तिथून सगळं सुरू झालं!

०

फोटोत एक गोरी बाई होती. डोळ्यांवर वेल्डरचा असतो तसा चष्मा, टोपीवर घड्याळाची चाकं, पाठीवर पितळी टाकी.

"हे का होय वो?" मेश्रामनं विचारलं.

"याले स्टीमपंक म्हणतात, आबाजी. समजा वीज आलीच नसती, सगळं जग वाफेवरच चालत राहिलं असतं, तर माणसं कशी दिसली असती? तसे कपडे घालायचे, तशा वस्तू बनवायच्या. आमच्या कॉलेजात वेशभूषेची स्पर्धा आहे. मी नाव दिलं."

भाऊरावनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"कशी दिसली असती म्हणजे? आमच्यासारखी दिसली असती. काळी!"

हसून झालं. पण मी आचलकडे पाहत होतो. नाव दिलं म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. कारण मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी कॉलेजातच ती भाषणाला उभी राहिली होती. माईकसमोर गेली, आणि तोंडातून शब्द निघेना. पोरं हसली. ती खाली उतरली आणि तशीच बसस्टँडवर आली. तेव्हापासून वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. लहानपणापासून तिला मास्तरीण व्हायचं होतं, ते बोलणंही बंद झालं.

या स्पर्धेत नुसते कपडे घालून चालणार नव्हतं. आपली वस्तू कशी बनवली, ते दोन मिनिटं सांगायचं होतं.

"या टायमालेही जमलं नाही," ती मला एकट्याला म्हणाली, "तर मी पुन्हा कुठीच नाव देत नाही आबाजी. मास्तरीण होणं माझं काम नाही म्हणून समजून जाईन."

मला पटकन बोलता येत नाही. मी फक्त भाऊरावचा डबा मागून आणला.

०

पहिलं भांडण चाकांवर झालं. आचलनं जुन्या घड्याळातली आणि बिघडलेल्या मिक्सरमधली नऊ चाकं जमवली होती. म्हणाली, "ही जाकिटावर चिकटवून द्या."

भाऊरावनं एक चाक उचललं. "हे कोणत्या चाकाले लागते?"

"कोणत्याच नाही. नुसतं दिसाले."

"मंग फिरन कसं?"

"फिरायचं नाही आबाजी. नुसतं चिकटवायचं!"

भाऊरावनं चाक खाली ठेवलं, हात धुतले आणि तो घरी गेला. खरंच गेला! दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा व्हायच्या आत दारात हजर. "दोन टाइम जेवण गेलं नाही मले. न फिरणारं चाक डोळ्यासमोरून जात नाही."

चार दिवस खपून त्यानं ती नऊही चाकं एकमेकांत अडकवली. एकाला बोट लावलं की सगळी फिरायची. फार सुंदर दिसायचं. आचलनं जाकीट घातलं, बोट लावलं, चाकं फिरली, आणि तिची वेणी आत गेली!

वेणी सोडवायला मेश्रामला पाना आणावा लागला. आचल डोळ्यांत पाणी आणून ओरडली, "आबाजी, मले मशीन नाही पायजे! मशीनसारखं पायजे!"

भाऊराव पाना पुसत म्हणाला, "तसं बनवाले मी शिकलो नाही ना बाई."

०

मेश्रामची सवय वेगळी. खाणीत छताखाली काम करायच्या आधी लोखंडी सळईनं छत ठोकून पाहतात. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर मागं सरायचं. ही सवय त्याच्या हाडात गेली आहे. लग्नाला गेला तरी मांडवाचा खांब ठोकल्याशिवाय जेवायला बसत नाही.

आचलची टोपी त्यानंच केली. जुनी पत्र्याची बालटी कापून, आतून गोणपाट लावून, वरून काळा रंग देऊन. टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, दोन पावलं मागं गेला, पुन्हा पुढं आला आणि बोटाच्या पेरानं तीन वेळा ठोकली.

"टोपी बराबर आहे," मान हलवत म्हणाला. "पण आत पोकळ आहे."

"आत माझं डोकं आहे!" आचल म्हणाली.

०

टोपीवर धुराड्यासारखं काही तरी हवं होतं. भाऊरावची नजर आमच्या स्वयंपाकघरात गेली. त्यानं मला विचारलं, मी मान हलवली. मी बऱ्याच गोष्टींना मान हलवतो, तोच माझा दोष आहे.

अकरा वाजता घरची आतून बाहेर आली. हातात कुकरचं झाकण. "शिट्टी कुठी गेली?"

आचलनं हळूच टोपी पाठीमागं लपवली. पण टोपीची उंची वाढलेली होती. ती लपेना.

"भात शिजायचा आहे," घरची म्हणाली, "आणि शिट्टी पोरीच्या डोक्यावर!"

भाऊरावनं शिट्टी टोपीला झाळून पक्की केली होती, निघायला तयार नव्हती. त्यानं त्याच दुपारी तुमसरहून नवी आणली. तरी आठ दिवस आमच्याकडे भात करपत होता. घरची म्हणायची, नव्या शिट्टीचा आवाज ओळखीचा नाही, शेजारची वाजली असं वाटते.

नवव्या दिवशी तिनं आमचा जुना पितळी स्टोव्ह माळ्यावरून काढून आमच्यासमोर आपटला. लग्नातला होता. आम्ही त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हतो, भीतीच होती तशी.

"घ्या," ती म्हणाली. "पाठीवरच्या टाकीसाठी. कुकरले हात लावाल तर पाहा!"

०

बाकीचं सामान तुमसरच्या हार्डवेअरच्या दुकानातून यायचं. दुकानदाराला सवय अशी, की कुठं लावायचं ते ऐकल्याशिवाय वस्तू देत नाही. चूक वस्तू गेली की गिऱ्हाईक परत येऊन डोकं खातं.

मी म्हटलं, "अर्धा इंची पितळी कॉक द्या. दोन एल्बो. चार होज क्लिप."

"कुठी लावायचं आहे काका?"

"नातीच्या खांद्यावर."

तो जरा थांबला. मग अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं, "लाइन कोणत्या बाजूनं येते?"

०

सामान तयार होत आलं, तसं घरातलं वातावरण बिघडत गेलं. आचल ओट्यावर उभी राहून दोन मिनिटांचं बोलणं पाठ करायची. आमच्यासमोर घडाघडा म्हणायची. पण शेजारच्या दोन बाया आल्या की दुसऱ्या वाक्याला अडकायची. चिडायची, आत जायची, पुन्हा बाहेर यायची. तिच्यासोबत मीही आतबाहेर करायचो. स्पर्धा चार दिवसांवर आली होती.

मी एकतीस वर्षं सुईकडे पाहिलं आहे. दुसरं काही शिकलो नाही, पण कुठं काय थांबलं ते मला दिसतं. ती शब्द विसरत नव्हती. लोक दिसले की तिचा श्वास थांबायचा. श्वास थांबला की शब्दही थांबायचे.

मी हे भाऊरावला सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत त्याचा चहा थंड झाला. मग तो उठला आणि घरचीचं बीपी मोजायचं जुनं यंत्र घेऊन बसला, काट्याचं असतं ते.

रबरी पिशवी त्यानं आचलच्या पट्ट्याच्या आत बसवली, थोडी हवा भरून. नळी गेजला जोडली. श्वास घेतला की पोट फुगायचं, पिशवी दाबली जायची, सुई चढायची. सोडला की उतरायची. गेजला ताटलीएवढी पितळी कडी केली. आणि लांबून दिसावं म्हणून सुईला झाडूची काडी चिकटवून तिला लाल रंग दिला.

"हे खरं चालते?" आचलनं विचारलं.

भाऊरावला अपमान झाल्यासारखं वाटलं. "मी कधी खोटं बनवलं का?"

तिनं लगेच म्हणून पाहिलं. शेजारच्या बाया आल्या, दुसऱ्या वाक्याला ती अडकली, सुई जिथल्या तिथं थांबली, आणि मी ओट्यावरून उठून उभा राहिलो.

"आबाजी, उठले काहून?"

"सुई थांबली."

आता हे सांगायला हवं. कॉम्प्रेसर घरात माझ्या आधी जो म्हातारा ऑपरेटर होता, त्यानं मला एकच गोष्ट शिकवली होती. सुई पडली की बसून राहायचं नाही. खाली माणसं आहेत. मी उभा राहायचो, आणि बाकावर चहा पीत बसलेले फिटर, मिस्त्री, जे कोणी असतील तेही कप खाली ठेवून उभे राहायचे. हा काही नियम नव्हता, कोणाचा हुकूमही नव्हता. सुई वर आली की आम्ही बसायचो आणि उरलेला चहा प्यायचो.

हे मी आचलला सांगितलं. तिनं पोटावरच्या सुईकडे पाहिलं. एक श्वास घेतला. सुई चढली, आणि मी बसलो.

"म्हणजे मी श्वास घेतला नाही तं तुमचे गुडघे दुखतीन," ती म्हणाली.

०

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. घरचीनं डबा दिला आणि मला बजावलं, "पोरीसमोर शांत बसजा. तुमच्याकडे पाहून ती अजून घाबरन."

शांत कसलं! हॉलमध्ये मेश्राम खुर्च्या ठोकत होता. भाऊराव म्हणत होता की नळीचा जोड पुन्हा एकदा पाहायला पाहिजे होता. मी घाम पुसत होतो. तिसऱ्या ओळीत जागा मिळाली.

आचलचं नाव पुकारलं. ती आली. बालटीची टोपी, तिच्यावर शिट्टी, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा, पाठीवर आमच्या लग्नातला स्टोव्ह, छातीवर नऊ चाकं, पोटावर गेज. वेणी आत बांधलेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती माईकसमोर उभी राहिली, म्हणाली, "नमस्कार, माझं नाव आचल," आणि थांबली.

लाल सुई तिथंच थांबली.

मी केव्हा उभा राहिलो मला कळलं नाही. उजवीकडे भाऊराव उभा होता. डावीकडे मेश्राम.

"ओ काका, बसा ना! दिसत नाही!" मागून ओरडा झाला.

मेश्राम मागं वळून म्हणाला, "सुई हलल्याबिगर बसता येत नाही जी."

हॉल हसायला लागला. मागच्या वर्षी हसला असेल तसाच. आचलनं चष्मा कपाळावर चढवला आणि आम्हाला शोधलं. शोधायला काय, आम्ही तिघंच उभे होतो.

सुई हळूच चढली. आम्ही बसलो.

"ही टोपी बालटीची आहे," ती म्हणाली. पुढं बोलत गेली. स्टोव्हपाशी पुन्हा अडकली. आम्ही उठलो. मागचे पुन्हा ओरडले. सुई चढली, आम्ही बसलो. मग चाकांबद्दल बोलली, कॉकबद्दल बोलली, वेणीचं सांगितलं तेव्हा लोक हसले, पण तीही हसत होती. सुई अशी नाचत होती, की भाऊराव म्हणाला, "काडी निघून जाईन!"

दोन मिनिटं झाली. आम्हाला वाटलं, संपलं. तेवढ्यात परीक्षक बाईंनी माईक हातात घेतला.

"एक प्रश्न विचारते."

सुई थांबली. आम्ही उठलो.

"तुझी मशीन छान आहे. पण मघापासून ते तिसऱ्या ओळीतले तीन आजोबा सारखे उठताहेत, बसताहेत. काय चाललंय त्यांचं?"

सगळा हॉल आमच्याकडे वळला. आम्ही उभेच. आचलनं आधी पोटावरच्या गेजकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मॅडम, ते माझ्या मशीनचेच पार्ट आहेत," ती म्हणाली. "अंगावर पेलले नसते, म्हणून खाली ठेवले."