कापसात पुरलेली फळी

माया मोतीराम इंगळे, वय एकोणचाळीस. दर्यापूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत त्या रक्त तपासतात. वर्षातून दोनदा त्या लाटांवर स्वार व्हायला जातात. मोबाइलवर लाटांचा अंदाज पाहून ठिकाण ठरतं: कधी गोकर्ण, कधी विशाखापट्टणम, बहुतेकदा पुरी. अकोल्याला गाडीत चढलं की बर्थवर साडेसहा फुटांची सर्फिंगची फळी आडवी होते आणि माया तिच्या कडेला बसून जातात.

"खाऱ्या पाण्यासाठी इतक्या दूर कायले जातं वं?" आई मैनाबाई विचारतात. "आपल्या विहिरीचं काय गोड हाये?"

प्रश्न रास्त आहे. घर खारपाणपट्ट्यात आहे.

सात वर्षं माया फेसावरच उभ्या राहिल्या. फुटलेली लाट फळीला मागून ढकलते, ते सोपं असतं. न फुटलेली लाट हातांनी पाणी मारत स्वतः गाठावी लागते. ती एकदाही जमली नव्हती. यंदा एप्रिलमध्ये तेवढ्यासाठी त्यांनी आठ दिवसांची रजा घेतली.

आधीची फळी गेल्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली राहिली, तिला फोड आले आणि ती टाकून द्यावी लागली. म्हणून नवी फळी घरातल्या सर्वांत थंड जागी गेली, मातीच्या भिंतींच्या कापसाच्या खोलीत. धाकटा भाऊ ललित याचा कापूस अजून विकायचा होता. त्यानेच खळगा करून ती आत पुरली. "बाळंतिणीवानी निजवली पाह्य, ताई."

पाय घसरू नये म्हणून फळीवर मेण चोळलेलं असतं. ते आधी काढावं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. निघताना पहाटेच्या अंधारात माया यांनी फळी बाहेर काढली आणि न बघताच चादरीत गुंडाळून पिशवीत सरकवली.

पुरीच्या किनाऱ्यावर चादर सोडली, तर फळीभर पांढरे केस. तिथला प्रशिक्षक वाकून बघत राहिला. "दीदी, इसको दाढ़ी कब आई?"

अंदाजाप्रमाणे चांगल्या लाटा दोनच दिवस होत्या. त्यातली पहिली सकाळ करवंटीने कापूस आणि मेण खरवडण्यात गेली. काम संपलं तेव्हा वारा सुटून समुद्र विस्कटला होता.

दुसऱ्या सकाळी प्रशिक्षकाने दिलेलं मेण चोळून माया आत गेल्या. आठ लाटा खालून निघून गेल्या. नववी न फुटता फळीखाली आली आणि फळी तिच्याबरोबर सुटली. माया उभ्या राहिल्या. चार सेकंद, असं प्रशिक्षक सांगतो. माया सहा म्हणतात. पुढचे दोन दिवस समुद्र सपाट होता.

घरी आल्यावर मैनाबाईंनी विचारलं, "भेटली का लाट?"

"भेटली. एक."

"एकच? अन् जायले-यायले चार दिवस वेगळेच!"

ललितने पिशवी उघडून फळीवर तळवा फिरवला.

"मेण काढलं?"

"काढलं."

"मंग आण इकडे," म्हणत तो कापसाच्या खोलीकडे वळला.