ओटीतले तांदूळ आणि विमानाचा पट्टा

माझ्या धाकट्या जावेने माझ्याआधी विमानात बसायला नको होतं. लग्न माझं आधी झालं, सासूचे टोमणे मी आधी खाल्ले, चष्मासुद्धा मलाच आधी लागला. मग विमान तेवढं तिला आधी कसं? आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा पोटात आग पेटलेली असायची आणि पन्नाशीला टेकलेली मी शहाणी बाई ती आग ताक पिऊन विझवायला बघायची.

कापसाचे वाईट दिवस होते ते. घाटंजीकडच्या आमच्या गावात निम्मा कापूस बोंडअळीने खाल्ला होता आणि उरलेल्याला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून तो घरोघरी पडून होता. आमच्या पुढच्या खोलीत तर पार छतापर्यंत. माणसं ओसरीत निजायची आणि कापूस घरात. दुपारी आळीतल्या बाया यायच्या, त्या ढिगाला टेकून बसायच्या आणि माझी जाऊ त्यांना विमान सांगायची.

तिची मुलगी बंगलोरला नोकरी करायची. जावयाने सासूला एकदा नागपुराहून विमानाने तिकडे नेलं होतं. एकदाच! पण त्या एका फेरीला तिने इतकं पिंजलं, इतकं पिंजलं, की तेवढ्यात गावाच्या गाद्या भरून झाल्या असत्या.

"ढगाच्या वर गेलं ना, तं खाली सेम असं दिसे," म्हणत ती कापसावरून हात फिरवायची.

"ओ माय! भेव नाही लागलं?"

"भेव कायचं? कमरेले पट्टा असते ना. म्या तं बसल्यापासून उतरेपर्यंत सोडलाच नाही."

हे ऐकायला लागू नये म्हणून मी चहा ठेवायला आत जायची आणि भांडी आपटायची. एकदा एका सुनेने मला विचारलं, "काकू, तुमी नाही बसल्या का विमानात?" मी म्हटलं, "मले पोटात डुचमळते वं." विमानाच्या पायरीलाही न शिवलेल्या बाईला विमानात डुचमळत होतं!

मग जावेच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं. जाऊ आई म्हणून, आणि मी बाळाच्या आंघोळीचा हात चांगला म्हणून. डिंकाचे लाडू, खारीक, जुनी मऊ लुगडी असं गाठोड्यांचं लटांबर घेऊन आम्ही रेल्वेने गेलो. बारसं झालं आणि जावयाने सांगितलं, परतीचं तिकीट विमानाचं काढलंय, दोघींचंही.

त्या क्षणापासून बाळावरचं माझं लक्ष उडालं. त्याच्या टाळूवर तेल थापताना मी कानात सांगायची, "तुही मोठी आजी विमानात बसनार हाय, बाप्पा." मला बंगलोर बघायचं नव्हतं, आकाशही बघायचं नव्हतं. मला फक्त परत जाऊन त्या कापसाच्या ढिगावर बसायचं होतं, जावेच्या गोष्टीपेक्षा मोठी गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगत असताना जावेने आत चहा ठेवावा अशी इच्छा होती. बस, एवढंच.

निघताना मुलीने आम्हा दोघींच्या ओट्या भरल्या. नारळ मोठ्या बॅगेत गेले. तांदूळ, हळकुंड, सुपारी पदरात पडले. माझ्या पदरात ओंजळ जास्त भरून आली असं माझं ठाम मत होतं. जावेने आपली ओटी गुपचूप पिशवीत रिती केली. मी पदराच्या टोकात गाठ मारली आणि तो गोळा पोटाशी खोचून ठेवला. घरच्या देवापुढेच सोडायची म्हणून.

विमानतळावर पडद्याआड पोलीसबाईने चाचपलं. "ये क्या है, माताजी?"

"ओटी हाय."

तिने गाठ सोडून पाहिली, हसली, परत बांधून दिली. बाहेर येऊन मी जावेला म्हटलं, "पाह्य, पोलिसानं बी मान देला. पिशवीतल्या ओटीले कोनी पुसलं तरी का?"

विमानात जाऊ म्हणाली, "बाई, तुमी खिडकीपाशी बसा." झालं! खिडकी मिळाली याचा आनंद व्हायच्या ऐवजी मला राग आला. देणारी ही कोण? विमान काय हिच्या बापाचं?

पुढे उभी राहून एक मुलगी पट्टा कसा लावायचा ते हातवारे करून दाखवत होती. जाऊ मान डोलवत होती, जणू तिनेच त्या पोरीला शिकवून पाठवलं होतं.

"बाई, पट्टा लावा."

"ओटीवर कोनी पट्टा आवळते का?"

"मंग ओटी पिशवीत टाका ना."

"तू टाकली. म्या नाही टाकत."

जाऊ मोठ्या आवाजात बोलणारी नव्हती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपला पट्टा घट्ट केला. मी माझ्या पट्ट्याची दोन्ही टोकं मांडीवर आणून शेजारी शेजारी ठेवली आणि वर पदर पसरला. ती मुलगी सगळ्यांच्या मांड्या बघत आली. पदराखालून पट्ट्याचं टोक दिसत होतं. मी गोड हसले. तीही हसली आणि पुढे गेली. केवढी मोठी लढाई जिंकली होती मी!

विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला. लोकांनी खटाखट पट्टे सोडले. जावेने नाही सोडला.

"दिवा इझला वं. सोड आता."

"बसल्या जागी लावूनच ठेवा म्हनलं त्या पोरीनं. मधीच हवा हलते म्हने."

"हवा? आभाळ पाह्य कसं कोरं हाय. ढगाचा ठिपका नाही." जन्मभर आभाळ बघून पेरणी काढणी ठरवलेली बाई मी. मला आभाळ शिकवायला ही निघाली होती.

पण त्या कोऱ्या आभाळानेच माझा घात केला. ढग नव्हते! जावेला कापसासारखे ढग दिसले होते आणि मला खाली नुसती तांबूस माती, तीही धुरकट. घरी जाऊन सांगू काय? कुठेतरी एखादा ढग असेल म्हणून मी अर्धवट उठले, खिडकीच्या काचेला गाल लावला आणि मागे बघू लागले.

तेवढ्यात कोणीतरी खालचं विमान काढून घेतलं.

मी उडी मारली नव्हती, तरी वर गेले. डोकं वरच्या कप्प्याच्या कडेला आपटलं आणि डोळ्यांपुढे जे चमकलं ते ढग नक्कीच नव्हते. ओटीची गाठ सुटली. तांदूळ सगळीकडे उडाले. पुढच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांच्या डोक्यावर तर लग्नातल्या अक्षतांसारखे पडले. मी कुठे पडत होते ते मला कळत नव्हतं. कळलं ते एवढंच, की कोणीतरी माझा पदर आणि दंड धरून मला खाली खेचतंय.

"बसा! बसा ना वं माय!"

जाऊ. लग्न होऊन आल्यापासून मला 'बाई' शिवाय हाक न मारणारी जाऊ. तिने मला खुर्चीत दाबलं, हळकुंड बाजूला फेकलं आणि पट्टा असा आवळला की माझा श्वास अडकला. मी म्हणणार होते, "झालं ना आता, सोड." पण दुसरा हिसका आला, पहिल्याहून मोठा. पेले उडाले, कुणाची पर्स उडाली. ती गोड हसणारी मुलगी वाटेतच खाली बसून खुर्चीच्या दांड्याला बिलगली होती. पट्टा माझ्या कमरेत रुतला, आणि मी जागची हलले नाही. जावेचा हात मी इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या तळव्यावर उमटले.

सगळं शांत झाल्यावर चालवणारा साहेब काहीतरी बोलला. जावेने मला सांगितलं, "आभाळ साफ असलं तरी वर हवेचे धक्के असतात म्हने. दिसतच नाही ते. म्हनून दिवा इझला तरी बांधूनच बसा म्हनते."

कॉलरमधले तांदूळ झटकत पुढचे गृहस्थ मागे वळले. नागपूरचेच होते. "मावशी, अक्षता पडल्या. आता जेवन कुठं हाय?"

मी त्या मुलीने आणून दिलेला बर्फ कपाळाला लावून बसले होते. खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात आलं, वाचवलं तेही हिनेच! आता हेही ती कापसावर बसून सांगणार.

घरी आले तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कापसाच्या गाडीले दोर आवळल्याबिगर तू गाव सोडू देत नाहीस. बैल जुपले तरी 'आवळा, आवळा' करतेस. अन् सोता मोकळीच बसली?"

दुपारी बाया जमल्या. जाऊ ढिगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मी जीव मुठीत धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "काकू, हे कपाळाले काय झालं?"

जाऊ म्हणाली, "बाईच सांगतीन."

वरून डबा पडला असं म्हणता आलं असतं. पण डबा पडल्याची गोष्ट ती काय गोष्ट! ढगाच्या गोष्टीपुढे ती टिकलीच नसती. मोठी गोष्ट एकच होती माझ्याकडे, आणि तिच्यात मूर्ख मीच होते. मी सांगून टाकली. पदराखालचा पट्टा, पोलिसाने मान दिलेली ओटी, टकलावरच्या अक्षता, सगळं. उडाले कशी ते दाखवायला उठले आणि ढिगावर पडले. बाया इतक्या हसल्या की कापूस घसरून अर्धा आमच्या अंगावर आला. एकेक जण येऊन माझं टेंगूळ हाताने बघू लागली. ढगांचं त्या दिवशी कुणी नाव काढलं नाही.

जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, जाऊ तिथे नाही. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता. तो आवाज मला चांगलाच ओळखीचा होता.

मग आतूनच ती ओरडली, "म्या ओढलं म्हनून वाचल्या, हे बी सांगा ना त्याईले!"

"सांगतो वं," मी म्हटलं. "चहा तं आन आधी."

सांगितलं मी. पट्टा कसा बांधायचा तेही तिच्याच कमरेला पदर बांधून दाखवलं. पण चहा पिऊन झाल्यावर.