दाढी नंतर, आधी स्लॅब

सगळी वस्ती त्याला कात्री म्हणायची. धंदा केस कापण्याचा, आणि जीभ हातापेक्षा जोरात चालणारी. बायको रुग्णालयाच्या चादरी धुवायच्या कामावर. दोन मुलींसह दोघं भाड्याच्या एकाच खोलीत राहायचे. अशात एका संस्थेने गरिबांच्या घरांसाठी जागा आणि सामान देऊ केलं. देखरेखीला एक मिस्त्री, बाकी घाम राहणाऱ्यांनीच गाळायचा. सगळ्यांनी मिळून सगळी घरं बांधायची आणि कोणतं कुणाचं, ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

कात्रीने जन्मात वस्तऱ्याहून जड काही उचललं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच विटांनी हात सोलून निघाले.

"असेच कुरकुरत राहा," बायको म्हणाली, "भिंत आपोआप वर येईल."

पण भिंती खरंच वर आल्या आणि कात्रीला त्यांचं वेडच लागलं. गिऱ्हाइकाची मान एका बाजूला कलती करून तो त्याला गिलाव्याच्या गोष्टी सांगायचा.

होता होता एकाच घराचा स्लॅब राहिला. आदल्या दिवशी धाकटीने विचारलं, "बाबा, उद्या स्लॅब पडणार?"

"पडणार म्हणजे पडणारच."

"मग आपण खाली कशाला थांबायचं?"

तो हसून हसून बेजार झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मिक्सर घरघरायला लागला. माणसांची साखळी लागली, घमेली हातोहात वर चढू लागली. स्लॅब निम्म्याच्या पुढे गेला आणि मिक्सरने मान टाकली. मिस्त्रीने तो खोलून पाहिला.

"गिअर गेलाय. आज काही हा उठत नाही."

"मग उरलेलं उद्या करू," मागून कुणीतरी म्हणालं.

"उद्या केलं तर मध्ये सांधा राहील आणि तिथूनच गळेल. हे घर ज्याच्या वाट्याला येईल, तो जन्मभर बादल्या लावत बसेल."

तो 'जो' आपणही असू शकतो, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

"हाताने कालवू," कात्रीची बायको म्हणाली. "पत्रा पसरा."

"कालवू," मिस्त्री म्हणाला, "पण माणसं दुप्पट लागतील. कुठून आणायची?"

कात्रीने फावडं टाकलं आणि धूम ठोकली. बायकोला वाटलं, झालं, नवरा पळाला.

तो थेट दुकानावर पोचला. सुटीचा दिवस, दुकान बंद, तरी नेहमीची मंडळी आशेने फळीवर बसून होती.

"उघडतोस का?" एकाने विचारलं.

"उघडतो, पण संध्याकाळी. आधी माझ्याबरोबर चला. आज घमेलं उचलेल त्याची दाढी महिनाभर फुकट."

"मला टक्कल, आणि दाढी मी घरी करतो," निवृत्त मास्तर म्हणाले.

"तुम्ही नुसते ओरडायला चला, मास्तर. वर्गावर ओरडायचात तसे."

वाढलेल्या दाढ्यांची ती पलटण येताना पाहून बायकोने पदर खोचला आणि पहिलं फावडं स्वतः मारलं. वाळू, खडी, सिमेंट, पाणी. मास्तर खरोखरच ओरडत होते, आणि साखळी कुठे ढिली पडली की त्यांच्या आवाजाने ताठ होत होती. कात्रीच्या खांद्यातून कळा येत होत्या, तरी अंगात जणू वारं शिरलं होतं. दिवे लागायच्या आत मिस्त्रीने शेवटचा कोपरा थापीने सारखा केला आणि वरूनच हात हलवला. खाली लोक एकमेकांच्या गळ्यात पडले.

पुढे चिठ्ठ्या निघाल्या. ते घर भाजीवाल्या आजींना मिळालं.

"गळणार नाही ना रे?" त्यांनी विचारलं.

"गळलं तर माझी मान कापा, आजी. वस्तरा मीच देतो."

कात्रीला मिळालं मधल्या ओळीतलं. कुलूप निघताच मुली आत धावल्या. थोरली पुढच्या खोलीत थांबली, धाकटी मागच्या खोलीत गेली आणि भिंतीआडून दोघी एकमेकींना हाका मारत सुटल्या. काही काम नव्हतं, उगाच. बायको दारातच उभी राहून ऐकत राहिली. मग तिने त्याला कोपराने ढोसलं.

"तुम्ही पण जा की मागे," ती म्हणाली. "मला हाक मारा."