निकम सरांची सही

आमच्या शाळेत खो-खोच्या सरावात बाद झालेल्या मुलीला मेथी निवडायला बसावं लागायचं. थट्टा नाही, खरंच. निकम सर शाळेत येतानाच बाजार करून यायचे आणि भाजीची कापडी पिशवी मैदानाकडेच्या बाकावर ठेवायचे. बाद झालं की बाकावर बसायचं आणि जुडी सोडायची. मेथी नसेल तर गवार, गवार नसेल तर मटार. सराव संपला की सर पिशवीत डोकावून म्हणायचे, "आज लईच बाद झालासा गं. सगळी भाजी निवडून झाली की!" ज्या दिवशी आम्ही चांगल्या पळायचो त्या दिवशी भाजी तशीच घरी जायची, आणि सर खूश असायचे.

सरांच्या पत्नी नर्स होत्या. त्यांची ड्यूटी बहुतेक दुपारनंतरची, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक सरांकडे. स्टाफरूममध्ये यावरून त्यांची भरपूर चेष्टा व्हायची. सरांवर काही परिणाम नाही. "खाताना हात दुखत न्हाईत, मग करतानाच का दुखावेत?" असं म्हणून ते शिट्टी गळ्यात अडकवायचे आणि मैदानावर यायचे. गाव साताऱ्याकडचं, पंचवीस वर्षं सानपाड्यात राहूनही बोली तिकडचीच. सामन्याच्या दिवशी आम्हा बाराही जणींच्या वेण्या ते स्वतः तपासायचे आणि सैल वाटली तर सोडून पुन्हा घालायचे. मुलगी घरात असल्यामुळे वेणी घालण्यात त्यांचा हात आमच्या आयांपेक्षा चांगला होता.

मी शेजारच्या शिरवणे गावची. आठवीत असताना एकदा उशीर झाला, गेट बंद, म्हणून भिंतीवरून उडी मारली ती नेमकी सरांच्या पुढ्यात. मला वाटलं, आता कान जाणार. सरांनी भिंतीची उंची पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "नाव काय?"

"प्रणाली म्हात्रे."

"म्हात्रे, उद्यापासनं साडेचारला मैदानावर. हीच शिक्षा."

ती शिक्षा मी तीन वर्षं भोगली आणि तेवढी सुखाची वर्षं मला पुन्हा मिळाली नाहीत. सर ओरडायचे खूप, पण अपमान करायचे नाहीत. "पाय दमले तर चालंल, डोकं दमवू नकोस," हे त्यांचं पालुपद. सामन्याआधी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी पिठलं-भाकरी ठरलेली. तिथे ते तव्याशी आणि आम्ही जमिनीवर. त्यांची मुलगी मुक्ता माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. मैदानावर ती त्यांना 'सर' म्हणायची, घराचा उंबरा ओलांडला की 'पप्पा'. त्यात तिची कधी चूक झालेली मी पाहिली नाही.

दहावीत जिल्हास्पर्धेचा संघ निवडताना अकरा नावं पटकन ठरली. बारावं नाव मुक्ताचं किंवा माझं. खरं सांगायचं तर आम्ही दोघी सारख्याच होतो. ती डाइव्ह चांगली मारायची, मी खांबावर जास्त चपळ. सरांनी माझं नाव घेतलं. मुक्ता रडली. सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुझा बाप संघ निवडतोय, म्हणून तुला दोन पावलं जास्त पळावं लागणार, बाय. तेवढं तू पळाली न्हाईस."

मग सर फॉर्म भरायला बसले. सतरा वर्षांखालचा गट होता. सर प्रत्येकीला वेगळं बोलावून एकच प्रश्न विचारायचे. मलाही विचारला.

"म्हात्रे, शाळेत लावलेली जन्मतारीख खरीच हाय ना? बघ, घरचे कधी कधी कमी लावतात. खोटी असंल तर आत्ता सांग, मी रागावणार न्हाई."

माझी तारीख खोटी होती. पहिलीत घालताना बाबांनी दीड वर्ष कमी लावलं होतं, पुढे नोकरीला बरं पडेल म्हणून. गावात बऱ्याच घरांत तसंच करायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. खऱ्या तारखेने मी त्या गटात बसत नव्हते, आणि मला ते चांगलं माहीत होतं.

"खरी आहे, सर," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खाली सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची सही.

आम्ही जिंकलो. चौथ्या दिवशी हरकत आली. हरलेल्या शाळेचे सर नेमके आमच्या गावचे निघाले. त्यांची मुलगी आणि मी एकाच आठवड्यात जन्मलेल्या. ते माझ्या जन्मनोंदीचा उताराच घेऊन आले. संघ बाद झाला, कप परत गेला, आणि चौकशी लागली.

घरी बाबांनी मला आधीच पढवलं होतं. "तू काय बोलू नको. सरांची नोकरी पक्की हाय, त्यांना कोन काय करनार नाय. तुला मातर शालंतून काढतील." मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये संस्थेचे दोघे जण, बाबा आणि मी. सर कपाटाला लागून उभे होते. बाबा म्हणाले, "आमी अडानी मानसं. फारम सरांनी भरला, सही सरांची हाय."

बाईंनी मला विचारलं, "प्रणाली, सरांना तुझी खरी तारीख माहीत होती का?"

मी खाली बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं. एक 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मला तो वेळ भरपूर मिळाला होता. शेवटी सरच बोलले.

"बाई, पोरीला कशाला सारखं विचारताय? सही माझी हाय. जबाबदारी माझी."

माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी 'हो' असा घेतला. सरांकडून संघ काढून घेतला तो कायमचा. निवृत्त होईपर्यंत त्यांनी फक्त कवायत घेतली. नवे प्रशिक्षक मैदानावर शिकवायचे तेव्हा सर वर्गात बदली तासावर असायचे. दुसऱ्या शाळांत तर गोष्ट आणखी रंगली. कप मिळवण्यासाठी पोटच्या पोरीला बसवून वय चोरलेली मुलगी खेळवणारा माणूस, अशी त्यांची ओळख झाली. मुक्ताने खेळ सोडला आणि वर्गात बाक बदलला. मी मात्र कॉलेजात पुन्हा खेळले, खेळाच्या जोरावर नोकरीलाही लागले. सरांनी शिकवलेलं सगळं माझ्या कामी आलं.

त्यानंतर सर मला दोनदा भेटले, दोन्ही वेळा सानपाड्याच्या बाजारात. दुसऱ्या वेळी मी धीर करून सुरुवात केली, "सर, त्या वेळी केबिनमध्ये..."

"गुडघ्याला तेल लावतीस का न्हाई?" त्यांनी मध्येच विचारलं. "आत्ता न्हाई कळायचं, पस्तिशीत कळंल."

मी हसले. सुटल्यासारखं वाटलं, याची मला आज लाज वाटते. त्यांनी माफ केलं, असं मी ठरवून टाकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

यंदा मार्चमध्ये सर गेले. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. पहिल्या रांगेत मुक्ता आणि तिची आई. एकेक जण बोलत होते. आता निवृत्त झालेल्या मोठ्या बाई उठल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "तो एक प्रसंग सोडला, तर निकम सरांच्या सेवेला डाग नाही."

मी मागच्या रांगेत होते. उभी कधी राहिले ते कळलं नाही. "बाई, तो प्रसंगही सोडू नका. फॉर्म भरताना सरांनी मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. त्यांना काहीही माहीत नव्हतं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

कुणीतरी टाळी वाजवायला घेतली आणि थांबवली.

सभा संपल्यावर मुक्ताने मला पाण्याच्या नळापाशी गाठलं. मला वाटलं, बरं झालं बोललीस, असं काहीतरी म्हणेल. तिने विचारलं ते वेगळंच.

"त्यांनी तुला विचारलं होतं?"

"हो. दोनदा विचारलं."

"हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही. मला नाही, आईला नाही."

का सांगितलं नसेल ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. घरी सांगितलं असतं तर मुक्ता दुसऱ्या दिवशी भर वर्गात माझ्यासमोर येऊन उभी राहिली असती, आणि सगळ्या शाळेला माझं खोटं कळलं असतं.

"मला वाटायचं, लोक म्हणतात तेच खरं," मुक्ता म्हणाली. "त्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी कपासाठी त्यांनी मला बाजूला करून तुला घेतलं. पंधरा वर्षं हेच वाटत होतं, प्रणाली. एकदा तर त्यांना तोंडावर बोलले मी. म्हटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा कप मोठा होता."

"मग? काय म्हणाले?"

"मला जेवायला वाढलं."

मी तिचे हात धरायला गेले. तिने ते मागे घेतले, आणि त्यांनी दोनदा विचारलं होतं हे आईला सांगायला ती हॉलमध्ये परत गेली.