कांदळाचं रोप

ओहोटी लागली की आमच्या खाडीतली कांदळाची झाडं लुगडं वर खोचून चिखलात उभ्या राहिलेल्या बायांसारखी दिसतात. या झाडाचं बी फांदीवरच रुजतं, आईला लोंबकळत वीतभर वाढतं आणि मगच खाली पडतं.

आज संध्याकाळी कालवं काढून परतताना शेजारच्या सुमनमावशी मध्येच थांबल्या. आडवं पडलेलं एक रोप त्यांनी उचललं आणि चिखलात उभं रोवलं.

"भरतीत वाहून गेलं तर?" मी विचारलं.

"जाईल. पण इथं जागा होती, एवढं ठाऊक असू दे त्याला."

मावशींची लेक परवाच नोकरीसाठी दुबईला गेली. पाणी चढू लागलं, रोप संथपणे डोलू लागलं, आणि डोक्यावरची टोपली न उतरवता मावशी ते दिसेनासं होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.